फ्रीजच्या दारातली इंजेक्शनं

परवा मैत्रिणीच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. वय २९, ब्रेस्ट कॅन्सर, केमो पुढच्या सोमवारपासून, आणि तिचा पहिला प्रश्न काय तर केस जातील का. म्हटलं केस येतात गं परत, तुला एग फ्रीजिंगचं, म्हणजे केमोआधी अंडी काढून गोठवून ठेवायचं, कोणी विचारलं का? पलीकडे एकदम चिडीचूप.

मला ब्रेस्ट कॅन्सर झाला तेव्हा मलाही नव्हतं विचारलं कोणी. ३१ ची होते, लग्नाला दीड वर्ष झालेलं, ओपीडीत सगळं बोलणं स्टेज आणि सर्जरीचं. आई म्हणाली, आधी तू धड बाहेर नीघ यातून, पोराबाळांचं कसलं घेऊन बसलीस. तिचंही चूक नव्हतं म्हणा. पण केमोतली सायक्लोफॉस्फामाइडसारखी औषधं अंडाशयातला अंड्यांचा साठाच खातात, नंतर पाळी आली तरी गेलेला साठा भरून येत नाही, हे मला एका सिस्टरने जिन्यात उभ्या उभ्या सांगितलं, तेही मी काहीतरी भलतंच विचारत होते म्हणून.

मग नुसती पळापळ. हल्ली पाळीची वाट बघत नाहीत, अंडी वाढवायची इंजेक्शनं कुठल्याही दिवशी सुरू करतात, साधारण दोन आठवड्यांत उरकतं. माझा ट्यूमर हार्मोनवाला, म्हणजे हार्मोनवर वाढणारा, म्हणून इस्ट्रोजेन फार चढू नये यासाठी सोबत लेट्रोझोलची गोळी. इंजेक्शनं फ्रीजच्या दारात, इडलीच्या पिठाशेजारी. पहिल्या दिवशी नवऱ्याचा हात इतका थरथरला की शेवटी मीच पोटाची चिमूट धरून टोचून घेतलं. चौथ्या-पाचव्या दिवसापासून पोट असं टम्म की सलवारची नाडीसुद्धा नकोशी. आठ अंडी गोठवली, उणे १९६ अंशांच्या नायट्रोजनमध्ये आहेत (आठ म्हणजे आठ मुलं नव्हेत, एकाचीही गॅरंटी नाही). मेडिक्लेमवाल्यांनी छदाम दिला नाही, एफडी मोडली.

तिला म्हटलं सोमवारच्या आत विचार, दोन आठवडे थांबलेलं चालेल का. सगळ्यांना चालतं असं नाही, ब्लड कॅन्सरमध्ये बऱ्याचदा तेवढी सवडच नसते. पण विचार तर.

माझं म्हणाल तर टॅमॉक्सिफेन, कॅन्सर उलटू नये म्हणून हार्मोनला अडवणारी गोळी, पाच वर्षं तरी घ्यायची होती आणि त्या गोळीवर दिवस राहिलेले चालत नाहीत. २०२३ साली पॉझिटिव्ह नावाच्या ट्रायलचे आकडे आले, ५१६ जणी, दीड ते अडीच वर्षं गोळ्या घेऊन मग मुलासाठी दोन वर्षांपर्यंत ब्रेक. तीन वर्षांत कॅन्सर उलटण्याचं प्रमाण ८.९ टक्के, ब्रेक न घेतलेल्यांच्या गटात ९.२. तीनशेच्या वर जणींना मूल झालं. डॉक्टर म्हणाले हा थोड्याच वर्षांचा हिशोब आहे, पुढचं आत्ता कोणी सांगू शकत नाही. रात्रभर विचार केला आणि हो म्हटलं.

गोळी बंद होऊन पाच आठवडे झाले, अंगातून पूर्ण जायला तीन महिने थांबायचंय. रात्री नऊचा अलार्म अजून वाजतो, नवरा सवयीने पाण्याचा ग्लास आणून ठेवतो, आणि मी नुसतं पाणी पिते.