तुम्ही विचारलंत म्हणून: किल्ली कुणाकडे?

"परदेशात सुट्टीसाठी घर घ्यावं का हो?" हा प्रश्न मला वर्षातून आठ-दहा वेळा तरी येतो. स्पेनमध्ये अलिकांतेच्या किनाऱ्यावर आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट होता, नऊ वर्षं ठेवला आणि मग विकला, हे ओळखीतल्या सगळ्यांना ठाऊक आहे. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा 'हो' ऐकायचं असतं. फोनमध्ये समुद्र दिसणाऱ्या बाल्कनीचा फोटो तयारच असतो.

मी फोटो बघतो आणि विचारतो, "किल्ली कुणाकडे ठेवणार?" समोरच्याला वाटतं मी विषय टाळतोय.

कायद्याचं आधी सांगून टाकतो. ते देशागणिक बदलतं, त्यामुळे माझ्या अनुभवावर फार विसंबू नका. थायलंडमध्ये परदेशी माणसाच्या नावावर फ्लॅट होतो, जमीन होत नाही. आणि फ्लॅटही सगळ्या परदेशी लोकांचे मिळून इमारतीतल्या फ्लॅट्सच्या 49 टक्के क्षेत्रफळापर्यंतच. कॅनडाने 2023 पासून बहुतेक परदेशी लोकांना शहरी भागात घर घ्यायलाच बंदी घातली आहे. स्पेनमध्ये कुणीही घर घेऊ शकतो, पण घराच्या कागदाने व्हिसा वाढत नाही. युरोपियन युनियनबाहेरच्या पाहुण्याला शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांत, 180 दिवसांतले 90 दिवस, बस. पाच लाख युरोंची मालमत्ता घेतली की रहिवासाचा परवाना मिळायचा, ती वाट एप्रिल 2025 मध्ये बंद झाली. एजंटच्या तोंडी ती अजून उघडी असेल, तर एजंट बदला.

आमच्या एजंटने विसार घेण्याची घाई केली. तिथे खरेदीदार मागे फिरला तर विसार बुडतो, विकणारा फिरला तर त्याने दुप्पट परत करायचा, अशी सर्वसाधारण पद्धत. "वकील आमचेच आहेत, काळजी नको," असंही तो म्हणाला. त्या 'आमचेच'मुळेच काळजी वाटली आणि आम्ही आमची वकील वेगळी शोधली. तिने नोंदणी कार्यालयातून 'नोता सिंप्ले' काढला. मालक कोण, घरावर बोजा किती, हे सांगणारा हा छोटासा उतारा. त्यात फ्लॅट जाहिरातीपेक्षा बारा चौरस मीटर लहान होता. काचा लावून बंद केलेली बाल्कनी कागदावर नव्हतीच! शिवाय मालकाने इमारतीचा मेंटेनन्स थकवला होता, आणि चालू वर्षाची व आधीच्या तीन वर्षांची थकबाकी घराबरोबर नव्या मालकाच्या गळ्यात पडते. मालकाने खरेदीखताच्या आधी ती भरली, किंमतही थोडी उतरली. वकिलीण बाईंची फी तिथेच वसूल झाली.

किमतीवर 10 टक्के हस्तांतरण कर, नोटरी, नोंदणी, हे सगळं हिशेबात धरलं होतं. धरला नव्हता तो दरवर्षीचा एक कर. घर भाड्याने दिलं नाही, रिकामं पडलं, तरी त्यातून तुम्हाला काही 'उत्पन्न' झालं असं तिथला कायदा मानतो. सरकारी मूल्याच्या 1.1 किंवा 2 टक्के हे मानलेलं उत्पन्न, आणि युरोपियन युनियनबाहेर राहणाऱ्या आमच्यासारख्यांना त्यावर 24 टक्के कर. एक लाख युरो सरकारी मूल्य आणि 1.1 टक्के दर असेल तर वर्षाला 264 युरो. रक्कम मोठी नाही. पण न मिळालेल्या पैशावर कर भरताना माणूस जरा थबकतो.

आता किल्ली. सात महिने बंद असलेलं घर पहिल्यांदा उघडलं, तेव्हा नाकाला रुमाल लावावा लागला. निघताना फ्रिज बंद केला होता आणि दारही नीट लावून घेतलं होतं. चूक ती. दार उघडं ठेवायचं असतं. आत काळी बुरशी रबरी पट्टीच्या घडीघडीत शिरली होती. सिंकखालच्या नळीतलं पाणी आटल्याने गटाराचा वास थेट घरात. खिडकीच्या शटरचा कापडी पट्टा ओढला तो हातातच आला, शटर अर्ध्यावर तिरकं अडकलं. दहा दिवसांच्या सुट्टीतले चार दिवस घासण्यात गेले.

तेव्हा खालच्या मजल्यावरच्या आजी वर आल्या. भाषेची बोंब होती. त्यांनी हातानेच विचारलं, किल्ली द्याल का? पुढची सहा वर्षं त्या पंधरवड्यातून एकदा खिडक्या उघडायच्या, नळ सोडायच्या, टपाल टेबलावर रचून ठेवायच्या. एकदा रात्री त्यांचा फोन आला. "आग्वा, आग्वा" एवढंच कळलं. पाण्याच्या टाकीचा जोड सुटला होता. आमच्याआधी प्लंबर त्यांनीच बोलावला होता. पैसे देऊ केले की रागवायच्या. आम्ही पोचायचो त्या दिवशी दिवा लागलेला असायचा आणि घरात बंदपणाचा वास नसायचा.

मग त्या मुलीकडे राहायला गेल्या. किल्ली एका एजन्सीकडे दिली. दरमहा फी, दर भेटीचा फोटोसकट अहवाल. काम चोख होतं, तक्रार नाही. पण दार उघडल्यावर पुन्हा तोच वास यायला लागला, आणि आमचं जाणं वर्षातून दोनदाचं एकदा झालं. तीन वर्षांनी विकलं. विकताना खरेदीदाराने किमतीचे 3 टक्के कापून कर खात्यात भरले. मालक परदेशात राहणारा असला की तसंच करतात. नफा झाला का, हेही विचारतात लोक. खर्च वजा जाता फारसा नाही.

अजूनही तिकडे जातो, त्याच रस्त्यावर भाड्याने राहतो. समोरून आमची खिडकी दिसते. नव्या मालकांनी रंग बदललाय, कुंड्या ठेवल्यात. शटर मात्र गेल्या खेपेलाही अर्ध्यावर, तिरकंच होतं.