पगार पंधरा तारखेला, जेवण रोज: सुरुवातीच्या गिरणगावचा हिशोब

गिरणगावाबद्दल लिहिताना दशावतार, भजनं, तालमी आणि गणपती यांवर सगळे लिहितात. पण हे सगळं ज्या हिशोबावर उभं होतं, तो हिशोब सहसा राहून जातो. मुंबईची पहिली कापडगिरणी कावसजी दावरांनी 1854 मध्ये काढली. त्यानंतर परळ, लालबाग, चिंचपोकळी, शिवडी या पट्ट्यात माणसं येत राहिली, ती बहुतेक रत्नागिरी, सातारा आणि देशावरची, आणि बहुतेक एकटे पुरुष. 1921 च्या जनगणनेत मुंबईत हजार पुरुषांमागे बायका जेमतेम सव्वापाचशे होत्या. म्हणजे लाखो पुरुषांना कुणीतरी रोज रांधून घालायला हवं होतं, आणि तेही उधारीवर.

उधारीवर का, तर पगार महिन्याचा आणि तोही पुढच्या महिन्याच्या दहा ते पंधरा तारखेला. पहिल्या तारखेला कामाला लागलेल्या माणसाच्या हातात पहिला पैसा पडायला पंचेचाळीस दिवस लागायचे. या पंचेचाळीस दिवसांत खोली, जेवण आणि मिठामिरचीची सोय कशी व्हायची, यातच गिरणगावची रचना दिसते.

आधी खोली. दहा बाय बारा, फार तर थोडी मोठी. एकाच गावच्या माणसांनी मिळून घेतलेला तो गाळा. भाडं एका जुन्या माणसाच्या नावावर, वाटणी मात्र सारखी. भिंतीकडेला पत्र्याच्या पेट्या, खुंटीला कपडे, वळकट्या माळ्यावर. पाळ्यांमुळे निम्मे झोपायचे आणि निम्मे कामावर असायचे, असं आपण धरून चालतो. पण ते चित्र नंतरचं. सुरुवातीला गिरणी दिवसाच चालायची, 1905 च्या सुमारास विजेचे दिवे आल्यावर तर चौदा-पंधरा तास. त्यामुळे गाळ्यातले वीस जण रात्री एकदमच परतायचे. उन्हाळ्यात गॅलरी, जिना, फुटपाथ कुठेही अंथरूण पडायचं. पावसाळ्यात मात्र सगळे आत, आणि तिथेच भांडणं. तिसाच्या दशकात रात्रपाळी रुळली, तेव्हा कुठे एका जागेवर दोघांची झोप बसू लागली.

जेवण खानावळीत. पण खानावळ म्हणजे बाकडी-पाटी नव्हे. शेजारच्याच खोलीत एखादी बाई, नवरा बहुधा गिरणीतच, पंधरा-वीस जणांना जेवायला घालते, ती खानावळ. कामाचा अंदाज घ्यायचा तर माणशी वेळेला तीन भाकऱ्या धरा: वीस जणांच्या दोन वेळच्या एकशे वीस. देशावरच्यांना ज्वारी-बाजरीची लागायची, कोकण्यांना तांदळाची. तांदळाच्या पिठाची आधी उकड काढावी लागते. नुसत्या गार पाण्यात मळली तर थापताना कडा फाटतात आणि डब्यातली भाकरी दुपारपर्यंत कडक होते. एका चुलीवर उकड, भाकरी आणि आमटी असं तिन्ही करायचं, म्हणून बाईला भोंग्याच्या कितीतरी आधी उठणं भाग. त्यात नळ सगळ्या चाळीत सामायिक. पाणी जाण्याआधी हंडे-कळशा भरल्या नाहीत तर दिवसाचं गणितच कोसळलं.

हिशोब महिन्याचा, गावी गेलेल्या दिवसांचे खाडे वजा. खाड्यांवरूनच बहुतेक कटकटी. कोकणातला माणूस शिमग्याला किंवा पेरणीला गेला की कधी परतेल याचा नेम नाही, आणि वाण्याकडचं धान्य तर बाईने आधीच उचललेलं. तिचा पैसा पगारानंतर यायचा, वाण्याचं व्याज मात्र थांबत नसे. रुपयाला (म्हणजे सोळा आण्यांना) महिना एक आणा हा तेव्हाचा नेहमीचा दर. दहा रुपयांवर महिन्याला दहा आणे, वर्षाला साडेसात रुपये. मुदलाच्या पाऊणपट! या साखळीत सगळ्यात जास्त जोखीम तिचीच होती असं माझं मत आहे, आणि गिरणगावच्या आठवणींत तिचं नाव सगळ्यात कमी येतं. अशा बायकांना बँकेचं कर्ज मिळवून देणारं अन्नपूर्णा महिला मंडळ निघालं ते थेट 1975 साली.

नव्या माणसाला उधार मिळायची ती कुणाच्या तरी शब्दावर. तो शब्द गाववाल्याचा, नाहीतर जॉबरचा, म्हणजे गिरणीतल्या मुकादमाचा. सकाळी गिरणीच्या दारात उभ्या असलेल्या बदली कामगारांतून कुणाला आत घ्यायचं हे जॉबर ठरवायचा, त्याची दस्तुरी, म्हणजे दलाली, घ्यायचा, आणि वाण्याकडे हमीही तोच राहायचा. त्याच्याशी वाकडं घेतलं की काम आणि उधार दोन्ही एकदम बंद.

म्हणून गावकीचं, म्हणजे एका गावच्या माणसांच्या मंडळाचं, महत्त्व. दरमहा वर्गणी, मोठी तांब्याची भांडी सामायिक, मयताचा खर्च आणि आजारी माणसाला गावी धाडण्याचं भाडं त्यातूनच. काम सुटलेल्याला गाळ्यातून लगेच काढायचं नाही, हाही अलिखित नियम. पण ही व्यवस्था एकट्यादुकट्याचं काम गेलं तरच तग धरायची. 1928 च्या संपात सहा महिने सगळ्यांचाच पगार थांबला, तेव्हा कोण कुणाला सांभाळणार? वाण्यांनी हात आखडले, हजारो कामगार गावी निघून गेले.

पगाराच्या तारखेला कायदा लागला तो 1936 चा वेतन अदायगी कायदा. हजारापेक्षा कमी कामगार असतील तर सातव्या दिवसाच्या आत, जास्त असतील तर दहाव्या. बहुतेक गिरण्या दुसऱ्या गटातल्या, म्हणजे नव्या माणसाचे पंचेचाळीस दिवस चाळीसवर आले.