सायकलचं हँडल, नॉर्मल रिपोर्ट आणि स्वादुपिंड

पोटाला मार लागलेल्या मुलाची सोनोग्राफी नॉर्मल आली की घरच्यांच्या जिवात जीव येतो. तरीही आधी हेच सांगते: मार स्वादुपिंडाला, म्हणजे पॅनक्रियासला लागला असेल तर पहिल्या काही तासांत सोनोग्राफी, रक्ततपासणी, कधीकधी सीटी स्कॅनसुद्धा नॉर्मल येतो. ही इजा तशी दुर्मीळ आहे, त्यामुळे घरातल्यांना तिच्याबद्दल काहीच माहीत नसतं. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

माझा मुलगा तेव्हा सहावीत होता. भांडुपला आमच्या सोसायटीबाहेरच्या उतारावर सायकल घसरली, पुढचं चाक आडवं झालं आणि हँडलचं टोक बेंबीच्या वर पोटात रुतलं. ग्रिपचं रबर झिजून आतली नळी उघडी पडली होती. पोटावर एक गोल वळ उठला, बाकी रक्त नाही की खरचटणं नाही. एक उलटी झाली. जवळच्या नर्सिंग होममध्ये लगेच सोनोग्राफी झाली, रक्तातलं अमायलेजही (स्वादुपिंडात बनणारं पाचकद्रव्य) तपासलं. दोन्ही ठीक. दुखण्याच्या गोळ्या देऊन घरी पाठवलं. उद्या परत आणून दाखवा, असं कुणी म्हटलं नाही.

रात्री दुखणं वाढत गेलं. कळ पोटातून थेट पाठीत जायची, पुढे वाकून बसला की जरा कमी व्हायची. सकाळी हिरवट उलट्या सुरू झाल्या आणि पोट हाताला कडक लागायला लागलं. सासूबाईंनी पोटाला हात लावला आणि म्हणाल्या, "हे गोळ्यांनी थांबायचं नाही. याला मोठ्या हॉस्पिटलात ने, आत्ताच्या आत्ता."

महापालिकेच्या हॉस्पिटलात कॅज्युअल्टीला केसपेपर काढला. अपघात म्हणून एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची केस नोंदवली, हवालदारांनी जबाब घेतला. नुसतं सायकलवरून पडलं तरी ही नोंद होते, त्याला घाबरायचं कारण नाही. तिथल्या रेसिडेंट डॉक्टरांनी पहिलं विचारलं ते, "कशाने लागलं आणि किती वाजता?" हँडल म्हटल्याबरोबर त्यांनी सिनियर मॅडमना फोन लावला.

नंतर मॅडमनी मला समजावलं ते असं. स्वादुपिंड पोटात खूप मागे, जठराच्या पाठीमागे, मणक्यांवर आडवं असतं. समोरून हँडल, गाडीचं स्टिअरिंग किंवा सीटबेल्ट जोरात दाबला गेला की ते मणक्यावर चिरडतं, बऱ्याचदा तिथेच दुभंगतं. ते इतकं मागे असल्यामुळे पोट सुरुवातीला मऊ राहतं आणि सोनोग्राफीत पुढच्या आतड्यांतला वायू त्याला झाकून टाकतो. अमायलेज पहिल्या तीनेक तासांत वाढलेलं नसू शकतं, शिवाय ते लाळग्रंथींतूनही येतं. त्यामुळे एका आकड्यावर काही ठरत नाही, काही तासांनी परत रक्त काढून तो चढतोय का ते बघायचं. सीटीमध्येही सुरुवातीला फाटलेल्या कडा एकमेकींना चिकटून असतात. सूज आली, मध्ये पाणी साठलं की चीर दिसायला लागते. संशय असेल तर एक-दोन दिवसांत सीटी परत करतात. माझ्या मुलाचं अमायलेज आता चांगलंच चढलेलं होतं. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी बघून, शिरेतून कॉन्ट्रास्टचं औषध देऊन सीटी केला, त्यात स्वादुपिंडावर आरपार रेघ आणि जठरामागे पाणी दिसलं.

मला वाटलं होतं की आता सगळं कळलं. पण मॅडम म्हणाल्या, "ताई, चीर आहे हे कळलं. नळी तुटलीय का, ते अजून कळायचंय. पुढचं सगळं त्यावर आहे."

स्वादुपिंडाच्या मधून एक बारीक नळी जाते. तिच्यातून पाचकरस लहान आतड्यात जातो, मोठ्या माणसात रोज दीड लिटरच्या आसपास. नळी शाबूत असेल तर नुसता मुकामार किंवा वरवरची चीर सहसा ऑपरेशनशिवाय भरते: तोंडाने काही द्यायचं नाही, सलाईन आणि सतत लक्ष. नळी तुटली असेल तर तो रस पोटात पसरतो आणि आसपासचा भाग जाळत जातो. अमेरिकेतल्या ट्रॉमा सर्जनांच्या संघटनेने या इजेच्या पाच ग्रेड पाडल्यात. पहिल्या दोन म्हणजे नळी शाबूत. तिसरी म्हणजे स्वादुपिंडाच्या निमुळत्या टोकाच्या, म्हणजे शेपटीच्या बाजूला नळी तुटली. चौथीत तुटलेली जागा स्वादुपिंडाच्या जाड भागाकडे, म्हणजे त्याच्या डोक्याकडे सरकते आणि पाचवीत डोक्याचाच चेंदामेंदा झालेला असतो. नळी बघायला एमआरसीपी केली. हाही एमआरआयच, पण पित्ताच्या आणि स्वादुपिंडाच्या नळ्या दाखवणारा. आमची तिसरी ग्रेड निघाली.

त्या दुपारी वॉर्डबाहेरच्या बाकावर आम्ही नवरा-बायको आणि मॅडम बराच वेळ बोललो. लहान मुलांमध्ये नळी तुटली तरी ऑपरेशन न करता थांबावं, असं मानणारे सर्जन आहेत. मग पोटात रसाची गाठ, म्हणजे स्यूडोसिस्ट होण्याची शक्यता मोठी. तिची भिंत पक्की व्हायला चार ते सहा आठवडे थांबून दुर्बिणीने ती जठरात उघडतात. तोवर मुलाला नळीनेच आहार. दुसरी वाट ईआरसीपी करून, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून, स्वादुपिंडाच्या नळीत स्टेंट (बारीक पोकळ नळी) घालायची, पण नळी पूर्ण तुटली असेल तर तार पलीकडे जाईलच असं नाही. तिसरी वाट ऑपरेशनची: तुटलेल्या जागेपलीकडचा शेपटीचा भाग काढायचा आणि उरलेलं टोक शिवायचं. मॅडमचं मत ऑपरेशनचं होतं. वेळ फार गेलेला नव्हता, बाकी कुठे इजा नव्हती आणि स्वादुपिंडाचं डोकं शाबूत होतं. त्यांनी काहीही लपवलं नाही, तिन्ही वाटांचे धोके सांगितले. असं बोलणारा डॉक्टर मिळणं हा मी रुग्णाचा हक्क समजते.

सही करायच्या कागदावर प्लीहा (स्प्लीन) काढावी लागू शकते, असंही होतं. प्लीहेच्या रक्तवाहिन्या स्वादुपिंडाला लागूनच जातात. ती गेली तर न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब या जंतूंविरुद्धच्या लसी घ्याव्या लागतात, जंतुसंसर्गाला आयुष्यभर जपावं लागतं. आमची वाचली. रक्तासाठी मंडळाची पोरं रात्रीच ब्लड बँकेत हजर झाली. खर्चासाठी वॉर्डच्या समाजसेवकांनी रेशनकार्ड आणि आधार मागून महात्मा फुले योजनेचे कागद लावून दिले.

ऑपरेशननंतरची लढाई ड्रेनची. पोटातून बाहेर काढलेल्या नळीत रोज किती आणि कसलं पाणी येतंय ते सिस्टर लिहायच्या, मीही वहीत लिहायचे. तिसऱ्या दिवसापासून त्या पाण्यातलं अमायलेज रक्तातल्या कमाल मर्यादेच्या तिपटीहून जास्त आलं तर शिवलेल्या टोकातून रस गळतोय, असं धरतात. आमचं आलं. ऐकून माझे पाय गळाले, पण मॅडम शांत होत्या: पाणी बाहेर येतंय, आत साठत नाहीय, ताप नाही, वाट बघू. तोवर नाकातून लहान आतड्यापर्यंत नळी टाकून पातळ आहार दिला, म्हणजे अन्न स्वादुपिंडाला फारसं न चेतवता पुढे जातं. ड्रेनसकट घरी आलो. पाणी कमी होत होत आटलं तेव्हा ओपीडीत ती नळी काढली.

आता तो शाळेत जातो, वरण-भात, पोळी-भाजी सगळं खातो. तळलेलं सुरुवातीला बंद होतं. धडकाधडकीचे खेळ मॅडमनी काही महिने बंद ठेवायला सांगितले होते, तेही संपले. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी शेपटीकडे जास्त दाट असतात, म्हणून उपाशीपोटी साखर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) अधूनमधून तपासतो. आतापर्यंत दोन्ही ठीक आहेत. पुन्हा ताप, पाठीत जाणारी कळ, उलट्या किंवा पोटात गोळा जाणवला तर थेट फाईल घेऊन यायला सांगितलंय. त्या फाईलच्या पहिल्या पानावर मी ऑपरेशनची तारीख, किती भाग काढला आणि प्लीहा शाबूत असल्याचं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय.