पाचव्या महिन्यातल्या चामखिळी

पाचवा महिना लागला आणि आंघोळ करताना नको त्या जागी काहीतरी खरखरीत हाताला लागायला लागलं. बघता बघता त्याचा फुलकोबीसारखा झुपका झाला. बसताना मी अवघडतेय हे सासूबाईंच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. म्हणाल्या, "चामखीळ असेल गं, चुना लाव, गळून पडते." मानेवर चुना लावून कातडी भाजून घेतलेल्या बायका मी पाहिल्यात. आणि तिथे? नको गं बाई!

डॉक्टर मॅडमनी तपासून सांगितलं, एचपीव्ही, म्हणजे शरीरसंबंधातून पसरणारा एक विषाणू. माझ्या डोक्यात एकच शब्द, कॅन्सर. त्यांनी केसपेपरच्या मागे या विषाणूच्या चार प्रकारांचे आकडे लिहिले. 16 आणि 18 हे कॅन्सरवाले, गर्भाशयमुखाचे साधारण 70 टक्के कॅन्सर या दोघांमुळे. 6 आणि 11 हे चामखिळीवाले. दिवस गेल्यावर प्रतिकारशक्ती जरा नमतं घेते म्हणून त्या फोफावतात, बाळंतपणानंतर बऱ्याचदा आपोआप ओसरतात.

चामखिळीवर एरवी वापरतात ते पोडोफायलिन पोटुशीला चालत नाही. मॅडमनी आजूबाजूला व्हॅसलीन लावलं आणि कापसाच्या काडीने ट्रायक्लोरोॲसिटिक ॲसिड टेकवलं. जागा पांढरीफटक पडली, मिरची लागल्यागत आग झाली, मग शांत. असं दर आठवड्याला.

पण खरी आग घरी होती. नवरा थेट बोलला नाही, नुसतं "हे येतं कुठून?" एवढंच. माझ्याही मनात तेच त्याच्याबद्दल! पुढच्या खेपेला त्याला आत घेऊन गेले. मॅडम म्हणाल्या, हा विषाणू वर्षानुवर्षं गप्प बसून राहू शकतो. कुणाकडून, कधी आला ते कुठलीच तपासणी सांगत नाही. दोघंही गप्प झालो. त्या दिवशी तिथल्या तिथे विचारलं ते बरं झालं, नाहीतर नऊ महिने कुढत बसलो असतो.

सिझेरियनचाही धसका होता. मॅडम म्हणाल्या, चामखिळींनी वाट अडवली किंवा फार रक्तस्रावाची भीती असली तरच ते करतात, नुसत्या एचपीव्हीसाठी नाही. क्वचित या विषाणूमुळे एखाद्या बाळाच्या घशात गाठी होतात, पण सिझेरियनने ते टळेलच याची खात्री नाही. माझी बाळंतपणाची वाट मोकळी होती, नॉर्मल झाली.

एचपीव्हीची लस गरोदरपणात देत नाहीत, अंगावर पाजताना चालते. सीरमची, आपल्या पुण्याचीच, सर्व्हाव्हॅक या चारही प्रकारांवर आहे. नणंदेची मुलगी अकरा वर्षांची. नणंद म्हणते, "तिला इतक्यात कशाला?" अगं, विषाणू गाठायच्या आधीच ती जास्त चालते. शिवाय या वयात दोन डोसांत भागतं. पुढच्या महिन्यात मीच घेऊन जातेय तिला.