तुम्ही विचारलंत म्हणून: बार्डिलिसच का?

प्राचीन इतिहासाचा विषय निघाला की मला हमखास विचारलं जातं, "सिकंदर सोडून तुम्ही या बार्डिलिसचं काय घेऊन बसलात?" तर सांगतो.

बार्डिलिस हा इलिरियन राजा, इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकातला. मुलूख बाल्कनचा, मॅसेडोनियाला लागून असलेला डोंगराळ. त्याची कथा लिहिली ती ग्रीकांनी आणि रोमनांनी. रोमन वक्ता आणि लेखक सिसेरो तर त्याला सरळ लुटारू म्हणतो. पण लगेच थिओपॉम्पस या ग्रीक इतिहासकाराच्या हवाल्याने हेही सांगतो, की बार्डिलिस लुटीची वाटणी न्यायाने करायचा आणि त्यामुळेच त्याचं बळ वाढलं. हा राजा माझ्या मनात बसला तो इथे. ज्याला आपला वाटा चोख मिळतो, तो पुढच्या मोहिमेला बोलावण्याची वाट पाहत नाही.

इ.स.पू. ३५९ च्या सुमारास मॅसेडोनियाचा राजा पर्डिकस इलिरियनांशी लढताना ४,००० सैनिकांसह पडला. या संकटातच त्याचा भाऊ फिलिप, म्हणजे सिकंदराचा बाप, गादीवर आला. सिकंदराची गोष्ट सांगणारे ही पायरी गाळतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पुढच्याच वर्षी फिलिप १०,००० पायदळ आणि ६०० घोडेस्वार घेऊन चालून आला. बार्डिलिसने आधी तहाची बोलणी लावली: ज्याच्या ताब्यात जी शहरं आहेत, ती त्याच्याकडेच राहू द्या. फिलिप म्हणाला, आमची सगळी शहरं सोडा. बोलणी फिसकटली. बार्डिलिसचं पायदळही १०,०००, घोडेस्वार ५००. इलिरियनांनी चौकोनी व्यूह रचला आणि बराच वेळ कुणाचंच पारडं जड होईना. शेवटी मॅसेडोनियाचे घोडेस्वार बगलेतून आणि पिछाडीवरून तुटून पडले. ७,००० हून अधिक इलिरियन मारले गेले. फिलिपशी झालेल्या युद्धात बार्डिलिस नव्वदीत घोड्यावरून लढला, असं लुशियन या नंतरच्या काळातल्या ग्रीक लेखकाने नोंदवलंय. त्यातली दहा वर्षं वगळली तरी माझा आदर कमी होत नाही.

फिलिपने ऑडाटा या इलिरियन स्त्रीशी लग्न केलं. त्यांची मुलगी किनाने, सिकंदराची सावत्र बहीण. ती युद्धविद्या शिकली, प्रत्यक्ष रणात उतरली, आणि आपल्या मुलीलाही तिने तीच विद्या शिकवली.