ज्याचं दळण, त्याचंच पीठ : आमची वाटचाल

सोलापुरात पिठाची गिरणी चालवायची म्हणजे मुख्यतः ज्वारी दळायची. आम्ही एका चक्कीवर सुरुवात केली. आज तीन आहेत: एक ज्वारी-बाजरीची, एक गव्हाची आणि तिसरी लहान, फक्त उपवासाच्या दळणाची.

दळणाचा डबा म्हणजे कुणीतरी दुपारभर बसून निवडलेलं, पाखडलेलं धान्य. चक्कीच्या पोटात मात्र आधीच्या दळणाचं पाव-अर्धा किलो पीठ राहतंच. बाजरीमागून ज्वारी टाकली तर पांढऱ्याशुभ्र मालदांडी ज्वारीची भाकरी काळपट होते, आणि त्या बाईची मेहनत मातीत जाते. म्हणून आमच्याकडे सकाळी ज्वारी, ती संपल्यावर बाजरी. मधेच ज्वारी आली तर आधी आमच्या पदरची अर्धा किलो ज्वारी घालायची, तोंडाची कापडी पिशवी थापटून झाडायची, मगच गिऱ्हाइकाचा डबा रिकामा करायचा. ते मधलं पीठ गुरांना जातं. त्याचा खर्च धंद्यातच धरला आहे.

दगडाला टाकी लावल्यावरही, म्हणजे झिजलेल्या दगडाला छिन्नीने पुन्हा धार काढल्यावरही, तेच. पहिल्या दीड-दोन किलो पिठात कच येते. ती कुणाच्या दाताखाली जायला नको, म्हणून पहिलं दळण आमचं, आणि तेही फेकायचं. टाकी लांबवली की दगड बोथट होतो, पीठ जास्त तापतं आणि भाकरीला चिरा पडतात. गिऱ्हाईक तेव्हा ज्वारीला दोष देतं, खरी चूक गिरणीवाल्याची असते.

चक्कीतून पीठ गरम येतं. लगेच झाकण घट्ट लावलं तर आतून वाफ धरते, गुठळ्या होतात, चार दिवसांत वास येतो. आम्ही डब्यावर सुती फडकं टाकून अर्धा तास ठेवतो. घाई असेल त्याला सांगतो, ‘काकू, घरी गेल्यावर झाकण उघडा.’

चिठ्ठी हा आमचा सगळ्यात स्वस्त सुधार. आधी डब्यावर खडूने आकडा लिहायचो आणि ‘चौदा नंबर कुणाचा?’ म्हणून ओरडायचो. आता नाव, धान्य, आलेलं वजन आणि गेलेलं वजन असं लिहितो. एक चिठ्ठी डब्याला, दुसरी झाकणाला, कारण या धंद्यात निम्मी भांडणं झाकणांच्या अदलाबदलीची! वजनकाट्याचा आकडा गिऱ्हाइकाकडे वळवलेला असतो. 5 किलोमागे 50 ते 100 ग्रॅम घट येते, थोडा ओलावा उडतो, थोडं पीठ उडतं. हे दळण्याआधीच सांगितलं की संशय राहत नाही.

एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांनी किलोभरच दळण आणलं तरी दर तोच, तोंड वाकडं करायचं नाही. उलट आम्हीच सुचवतो, कमी दळा. ज्वारीचं पीठ जुनं झालं की विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, जाते, भाकरी थापताना तुटते. बाजरीचं पीठ तर आठवड्यातच कडवट लागायला लागतं.

चक्कीवर उभ्या असणाऱ्या माणसाला तोंडावर बांधायला रोज धुतलेला रुमाल, जेवायला बसल्यावर कुणी हाक मारायची नाही आणि घरचं दळण फुकट. दुपारी 2 ते 4 चक्की बंद असते. शेजारच्यांची झोप हेही एक कारण आहेच.

नकारही नीट द्यावा लागतो. गव्हाची ॲलर्जी किंवा सिलिॲक (गव्हातलं ग्लुटेन न चालणारा आजार) असलेल्या मुलासाठी ज्वारी दळून मागतात. चक्की वेगळी असली तरी गव्हाचं पीठ हवेत उडतच असतं, ते जाऊन बसणार नाही असं म्हणता येत नाही. अशांना आम्ही डबा परत देतो आणि घरघंटी घ्यायला सांगतो. ती घेताना जाळ्या कुठल्या लागतील, भाकरीसाठी किती बारीक, हे चिठ्ठीवर लिहून देतो.