परसाकडं माझं मला

रात्री पावणेतीनला आयसीयूतून फोन आला. "सर, सात नंबरच्या आजी ऐकेनात. सलाईन ओढून काढलंय, खाली उतरायला बघतायत. हात बांधू का?"

"बांधू नका, आलोच," म्हणालो आणि निघालो. गाडी चालवताना डोक्यात एकच होतं: जोड तर सुटली नाही ना? आतड्याचा तुकडा काढून दोन टोकं जोडली की पहिले काही दिवस ही धास्ती असतेच. त्यात वयस्कर माणसाला ताप यायच्या, पोट दुखायच्या आधी कधी कधी नुसतं बरळणंच सुरू होतं.

आजींचं वय ८२. शिराळा तालुक्यातल्या एका वाडीच्या. महिन्याभरापूर्वी मुलानं त्यांना व्हीलचेअरवरून ओपीडीत आणलं, तेव्हा हिमोग्लोबिन ७.८ होतं. मोठ्या आतड्याच्या उजव्या भागात कॅन्सरची गाठ. तिथून थोडं थोडं रक्त जात राहतं, शौचात डोळ्यांना दिसतही नाही, माणूस नुसता पांढरा पडत जातो. मुलगा मला दाराबाहेर घेऊन गेला. "साहेब, आईला काय सांगू नका. आणि या वयात ऑपरेशन झेपंल का?"

पूर्वी मी फक्त वय, रक्त आणि ईसीजी बघून उत्तर दिलं असतं. माझी ती सवय एका निवृत्त शिक्षकांमुळे सुटली. वय ७६, ऑपरेशन अगदी मनासारखं झालं, गाठीच्या कडा स्वच्छ आल्या, दहाव्या दिवशी घरी सोडलं. आठ महिन्यांनी त्यांचा मुलगा दुसऱ्याच कुणाला घेऊन आला होता, म्हणून सहज चौकशी केली. "बाबा आहेत," तो म्हणाला, "पण घरी नेल्यापासून अंथरुणातून उठलेच नाहीत. डायपरवर आहेत. आधी रोज काठी घेऊन मंडईत जायचे." त्या रात्री मी माझी नोंदवही काढली. गाठीचा आकार होता, लसिका ग्रंथी किती काढल्या ते होतं, टाके कधी काढले ते होतं. ते मंडईत चालत जायचे, हे कुठंच नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

मग वाचायला लागलो. सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉ. एमिली फिनलेसन याही मोठ्या आतड्याच्याच सर्जन. अमेरिकेतल्या नर्सिंग होममध्ये राहणाऱ्या ज्या वृद्धांचं आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, त्यांचं पुढे काय झालं याचा अभ्यास त्यांनी सहकाऱ्यांबरोबर २०१२ साली प्रसिद्ध केला. वर्षभरात निम्म्याहून जास्त दगावले होते. जे राहिले त्यांतल्या अनेकांना रोजच्या साध्या गोष्टींसाठी पूर्वीपेक्षा जास्त आधार लागत होता. ती माणसं मुळातच थकलेली होती, आपल्याकडच्या शेतात राबणाऱ्या म्हाताऱ्यांना तो आकडा जसाच्या तसा लावता येत नाही. पण मला ते गुरुजीच दिसत होते. तेव्हापासून सत्तरीपुढच्या प्रत्येक रुग्णासाठी माझ्या वहीत पहिला रकाना चालण्याचा असतो.

म्हणून आजींना म्हटलं, खुर्चीतून उठा, त्या पट्टीपर्यंत चालत जा, वळा, परत येऊन बसा. अंतर तीन मीटर. सतरा सेकंद लागले. बरं नव्हतं, पण त्या रक्तावर वाईटही नव्हतं. तीन शब्द लक्षात ठेवायला दिले, तिन्ही सांगितले. या चाचणीत घड्याळाचं चित्रही काढायला लावतात. पाटी न धरलेल्या बाईला ते सांगणं मला अन्यायाचं वाटतं, म्हणून मी ते सोडून देतो आणि घरचा हिशोब विचारतो. डेअरीला किती दूध घातलं, किती पैसे यायचे राहिले, सगळं तोंडपाठ होतं.

मग मुलाकडे न बघता त्यांनाच विचारलं, "आजी, तुम्हाला काय वाटतं?"

"गाठ हाय ते कळलंय मला. ह्यो काय बोलत न्हाई, पर कळतंय. डाक्टर, खरं सांग बाळा. परसाकडं माझं मला जाता येईल का? सुनंनं उचलून न्यायचं आसंल तर मला नगं ऑपरेशन."

गॅरंटी दिली नाही. उजव्या बाजूची गाठ असल्यानं पोटावर पिशवी बहुधा लागणार नाही, एवढं सांगितलं. तीन आठवडे मागून घेतले. शिरेतून लोह, रोज दोन अंडी आणि दूध, श्वास आत ओढायचं तीन गोळ्यांचं यंत्र, सकाळ-संध्याकाळ गोठ्यापर्यंत चालणं. हिमोग्लोबिन ९.६ वर आलं, तेव्हा टेबलावर घेतलं.

आयसीयूत पोचलो तेव्हा आजी कॉटच्या कठड्याला धरून बसल्या होत्या. "म्हस तहानलीय, सोडा मला." पोटाला हात लावला. मऊ होतं. नाडी ठीक, ताप नाही. रक्त पाठवलं, सोडियम १२६, म्हणजे बरंच कमी निघालं. ते हळूहळू सुधारायला घेतलं. लघवीची नळी काढायला सांगितली, तिची गरज कालच संपली होती. चष्मा कुठंय? मुलाच्या खिशात, लॉजवर. दोन दिवस त्या बाईला समोरचं धड दिसत नव्हतं, आणि डोक्यावर ट्यूबलाइट रात्रंदिवस चालू.

तेव्हा अमेरिकेतल्या येल विद्यापीठात असलेल्या डॉ. शॅरन इनुये यांनी १९९९ साली दाखवलेल्या गोष्टी या अशाच आहेत: चष्मा, कानाचं यंत्र, पुरेसं पाणी, झोप, लवकर चालवणं. नेहमीची काळजी घेतलेल्या सत्तरीपुढच्या रुग्णांमध्ये भ्रमाचं, म्हणजे अशा बरळण्याचं, प्रमाण १५ टक्के होतं; एवढं केलेल्यांमध्ये ते ९.९ होतं. वाचलेलं मला पाठ होतं. तरी माझ्याच रुग्णाचा चष्मा मी दोन दिवस विचारला नव्हता.

झोपेचं इंजेक्शन देऊ दिलं नाही. सुनेला आत बोलावलं. आयसीयूत नातेवाईक नको हा नियम मी त्या रात्री मोडला. ती आली, दिवा मालवला, सासूचा हात मांडीवर घेतला आणि म्हणाली, "आत्या, म्हशीला पाणी दावलंय. दोन बादल्या प्याली." आजी थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिल्या. मग आडव्या झाल्या.

पूर्ण भानावर यायला तीन दिवस लागले. सातव्या दिवशी सुनेचा हात न धरता त्या संडासला जाऊन आल्या.

दीड महिन्यानी ओपीडीत चालत आल्या, काठी घेऊन. तीन मीटरला चौदा सेकंद. रिपोर्टमध्ये अठरा लसिका ग्रंथींपैकी एकीत कॅन्सर होता. मुलानं फाईल माझ्यापुढे सरकवली. "साहेब, केमोचं काय करायचं?"

मी खुर्ची आजींकडे वळवली.